कर्जमाफीनंतरही खराब राहिलेल्या सिबिल नोंदींबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हास्तरीय बँकर्स समिती, यवतमाळ

विषय : कर्जमुक्त शेतकऱ्यांच्या पतनोंदी दुरुस्त करून पीक कर्ज मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे कोरडवाहू शेतकरी आपणांस निवेदन सादर करतो की, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत (३० सप्टेंबर २०१९ रोजीची २ लाखांपर्यंतची थकबाकी) आमच्यापैकी अनेकांची खाती बसली. आधार प्रमाणीकरण झाले, रक्कम जमा झाली, बेबाकी दाखलाही मिळाला. शासनाच्या दप्तरी आम्ही कर्जमुक्त आहोत. सिबिलमध्ये मात्र थकबाकीदारच.

आमच्यातील एकाच्या अहवालात माफ झालेले ७८ हजारांचे खाते आजही 'रिटन ऑफ' दिसते. त्याच्याच खाली नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कुणाचे मोटारसायकलचे कर्ज चिकटले आहे. (या गृहस्थाकडे सायकलसुद्धा नाही.) शाखेत दाखला दाखवला तर "ते वरून अपडेट होतं" एवढेच उत्तर. सिबिल कंपनीकडे तक्रार केली तर ती बँकेकडे बोट दाखवते. वास्तविक माहिती पाठवते बँकच, आणि बँकेने दुरुस्ती कळवल्याशिवाय कंपनी नोंद बदलत नाही. म्हणजे किल्ली शाखेतच आहे, आणि म्हणून बँकर्स समितीचे अध्यक्ष या नात्याने हे निवेदन आपल्याकडे.

पीक कर्जासाठी सिबिलची अट लावू नका, असे मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीत बजावले आहे. तरीही तोंडी नकार सुरूच आहेत. वाटणीनंतर प्रथमच कर्ज मागणाऱ्या मुलांनाही 'रेकॉर्ड नाही' म्हणून परत पाठवतात. तेही केवळ या कारणावरून प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने संसदेत स्पष्ट केलेले असताना.

बिघडलेली पत सुधारायला आमच्याकडे पीक कर्जाशिवाय दुसरा मार्ग नाही. ते ३ लाखांपर्यंत घेऊन मुदतीत फेडले, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्य पडते आणि खाते चांगले दिसू लागते. तेच नाकारले की उरतात कृषी केंद्राची उधारी आणि सावकार. सावकाराची पै न् पै वेळेवर चुकवली, तरी त्याची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही.

जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांची नोंद पुसा, असे आमचे म्हणणे नाही. आमची मागणी अशी की, कर्जमुक्ती झालेल्या प्रत्येक खात्याची नोंद बँकांनी स्वतःहून तपासावी, चुकीची असल्यास दुरुस्ती कळवावी आणि तसे शेतकऱ्याला लेखी द्यावे. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास दररोज १०० रुपये भरपाईची रिझर्व्ह बँकेची तरतूद आहे. तिची माहिती प्रत्येक शाखेत मराठीत लावावी. एकरकमी तडजोड करतानाच, खाते 'सेटल्ड' दिसेल आणि पत घसरेल, हे सही घेण्यापूर्वी सांगावे. सोडलेली रक्कम नंतर हप्त्याने भरू इच्छिणाऱ्याला तशी मुभा देऊन खाते 'क्लोज्ड' करावे. आणि पीक कर्ज नाकारले तर कारण कागदावर द्यावे. तोंडी नकार आम्ही यापुढे मानणार नाही.

कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारे आमचे अहवाल व बेबाकी दाखल्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. खरिपाच्या पेरणीपूर्वी अग्रणी बँकेच्या प्रबंधकांसह सर्व शाखाधिकाऱ्यांची बैठक लावून आम्हालाही बोलवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
सह्या करणारे शेतकरी

प्रत : मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था