धूळ मोजली, पण कोणती?

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, रस्ते धुण्याची मोहीम हाती घेतली. हे उपाय निरर्थक होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाण्याने जी धूळ खाली बसते तीच माणसाच्या जिवावर उठली आहे काय, हा प्रश्न त्या धावपळीत मागे पडला.

हवेतील कणांचे मोजमाप आपल्याकडे वजनाने होते. हवा शोषून कण गाळणकागदावर धरावयाचे आणि कागद किती जड झाला ते पाहावयाचे, ही जुनी रीत. तिच्यात एक मेख आहे. घनता सारखी धरली तर १० मायक्रॉन व्यासाचा एक कण अडीच मायक्रॉनच्या ६४ कणांइतका भरतो! साहजिकच तराजूत रस्त्यावरची माती पुढे जाते, डिझेलचा आणि पेटत्या कचऱ्याचा धूर मागे राहतो. जाड कण बहुतांशी नाक, घसा व मोठ्या श्वासनलिकांत अडतात. सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत, त्यांतील अतिसूक्ष्म तर रक्तापर्यंत पोहोचतात.

या सूक्ष्म कणांसाठी २००९ पूर्वी आपल्याकडे राष्ट्रीय मानकच नव्हते. त्या वर्षी वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेली मर्यादा ५ आहे. तरीही २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमात शहरांची कामगिरी जोखली गेली ती पीएम १० वरून. परीक्षा ज्या विषयाची, अभ्यासही त्याचाच होणार, हे शिक्षकांना सांगावयास नको. या कार्यक्रमाचा निम्म्याहून अधिक पैसा रस्त्यांवरील धुळीवर गेल्याचे सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले.

वस्तुतः कण कोठून आला हे त्याचे रसायनच सांगते. सिलिकॉन व ॲल्युमिनियम मातीची ओळख देतात, लेव्होग्लुकोसन लाकूडफाटा जळल्याची. अमोनियम सल्फेट तर मुख्यत्वे वायूंपासून हवेतच घडते. त्यावर टँकरने किती पाणी मारणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुंबई-पुण्यासह ६ शहरांत या शतकाच्या पहिल्या दशकात असा शोध घेतला होता. पण इंधने बदलतात, कारखाने हलतात. हा शोध दर काही वर्षांनी व्हावयास हवा, आणि निधीचे वाटप अडीच मायक्रॉनच्या कणांवर बेतावयास हवे. त्यासाठी पैसा नाही, ही सबब चालणार नाही. झाडूयंत्रांसाठी तो निघालाच होता.