गुरुजी, एवढे एक काम!

मराठीतले सर्वांत महाग वाक्य कोणते, असे विचाराल तर मी सांगेन : "गुरुजी, एवढे एक काम करा!" उच्चारणाऱ्याला त्याची पैही पडत नाही, किंमत भरतात ती फळ्यासमोर बसलेली पोरे.

आमच्या जालन्यात लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत. भट्टीपुढच्या कामगाराला दिवसाला नऊ तासांवर राबवले, तर जादा वेळेची मजुरी दुप्पट द्यावी, असे 1948 च्या कारखाने कायद्याने ठरवले. नव्या कामगार संहितेनेही ते तत्त्व सोडलेले नाही. ती मजुरी प्रत्येकाच्या पदरात पडते, असे मी म्हणत नाही. पण मागायला निदान शब्द तरी आहे : ओव्हरटाइम. मास्तरांच्या कोशात तो शब्दच नाही.

का नाही? गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली निकाल दिला, की औद्योगिक कलह कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य. कारकुनी असलीच तर ती आनुषंगिक. निकाल शिरसावंद्य! पण मग ती कारकुनी आनुषंगिकच राहू द्या की! तांदळाचा हिशेब, ऑनलाइन माहिती, मतदारयाद्या, एका तक्त्याचे तीन तक्ते. पूजेच्या वेळी गुरू आणि ओझ्याच्या वेळी हमाल! आणि हमालाच्या पाठीशी तरी 1969 चा माथाडी कायदा उभा आहे.

शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यातले 27 वे कलम स्पष्ट आहे. जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षक जुंपायचा नाही. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचे आंदोलन राज्यभर गाजल्यावर जानेवारी 2024 मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघर सर्वेक्षण झाले. त्याच्या गरजेविषयी माझा वाद नाही. पण त्यासाठी शाळेतून शिक्षक उचलले, ते या तिहींपैकी कोणत्या कामासाठी?

निवडणुकीची कामे शिक्षकांकडून सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितले. पोरांचा वार वाचला, मास्तरांचा रविवार गेला. मानधन मिळते, हे खरे. पण मानधन म्हणजे मान देऊन दिलेले धन, हिशेब करून दिलेली मजुरी नव्हे.

कोणी म्हणेल, "मास्तरांना उन्हाळ्याची लांब सुटी असते ना!" असते. पण जानेवारीत बुडालेला भागाकार मे महिन्यात कोण शिकवतो? कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला शिक्षक दोन. त्यातला एक बाहेर गेला, की भोकरदन-मंठ्याकडच्या वाडीवरच्या शाळेत सारे वर्ग एकट्याच्या गळ्यात. तो शिकवीत नाही, राखण करतो.

निवडणूक आणि जनगणना देशाची कामे आहेत; ती आम्ही करू. मात्र काम सांगाल तर लेखी सांगा, तास मोजा, मोबदला ठरवा, सुटी खाल्लीत तर बदली सुटी द्या आणि चारपाच शाळांमागे एक कारकून नेमा. हे मागणे पैशापुरते नाही. जे फुकट मिळते, ते कोणी जपून वापरीत नाही. मास्तरांच्या तासाला दाम लागला, की तो मागण्यापूर्वी साहेब दोनदा विचार करील.

वाचकहो, दिवाळीनंतर शाळा उघडली, की मुलाला गुण नंतर विचारा. आधी विचारा, "आज गुरुजी वर्गात होते का?"