जुना पाळणा रंगवण्यापूर्वी

आपल्या शाहूवाडीसारख्या पावसाळी तालुक्यात घरातील डागडुजी निघते ती दिवाळीनंतर. कोल्हापुराहून आणलेला वापरलेला पलंग, आरामखुर्ची किंवा येणाऱ्या नातवंडासाठी स्वस्तात मिळालेला पाळणा घासून रंगवण्याचे काम बहुधा आजोबा अंगावर घेतात. निवृत्त माणसाच्या हाताला काम मिळते, म्हणून मी त्यास मनाई करत नाही. मला चिंता वाटते ती जुन्या रंगाची.

पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे सर्रास घालत. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या वस्तूवर शिसे आहे, असेच धरून चालावे. पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत ते विशेष असते. लोखंडी खाटेला मारलेले केशरी अस्तर तर पुष्कळदा शेंदराचे असे, आणि तो शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. रंग धड आहे तोवर फारसा अपाय नाही. कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती आजोबांच्या छातीत जाते, त्यांच्या कपड्यांवरून माजघरात येते आणि रांगणाऱ्या बाळाच्या बोटांवरून त्याच्या पोटात उतरते. लहान मुलाचे शरीर गिळलेले शिसे मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेते. त्याने मेंदूची वाढ खुंटते, आणि झालेली हानी भरून येत नाही. दात येणारे मूल पाळण्याची कड चावते, हे निराळेच. तेव्हा रंगीत जुना पाळणा घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. झोळीत वाढलेली पिढी काही कमी निजली नाही.

इतर वस्तू घासायच्याच असतील तर अंगणात, पाणी मारून, पाण्याचा पॉलिश पेपर वापरून घासाव्यात. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क हवा. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. रंग काढण्याच्या काही द्रावणांत मिथिलीन क्लोराइड असते. श्वासावाटे ते शरीरात गेले की त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत, त्यांनी बंद खोलीत असले द्रावण उघडणे म्हणजे जिवाशी खेळ. जवसाच्या तेलाचे बोळे गुंडाळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत.

घासकाम बरेच दिवस चालले आणि नंतर पोटात कळा, बद्धकोष्ठ, फिकेपणा जाणवू लागला, तर डॉक्टरांना रंगकामाविषयी आवर्जून सांगावे. रक्तातील शिसे तपासता येते.

उरलेले टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत कदापि भरून ठेवू नये. मुलाने ते प्यायलेच, तर उलटी करवू नये. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुस सुजते. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.