ताकद वाढवण्याआधी

हंगाम सुरू झाला की गॅरेजच्या दारात एकच तक्रार येते : ‘गाडी ओढत नाही.’ त्यावर हल्ली पटकन सुचवला जाणारा उपाय म्हणजे रिमॅप. लॅपटॉप जोडला, फाईल बदलली, ट्रायलला गाडी पळाली, गिऱ्हाईक खूश. फायदा खोटा नाही. चढावर गिअर कमी पाडावे लागतात, ओव्हरटेक सोपे होते. पण ट्रायल रिकाम्या गाडीची होते आणि खरी कसोटी लागते ती भरलेल्या गाडीची.

आंब्याच्या पेट्या लादून चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेली पिकअप घ्या. मे महिन्याचे ऊन, कुंभार्ली घाटाची चढण, खालचा गिअर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. वेग कमी म्हणून रेडिएटरला आणि इंटरकूलरला वारा कमी. अशा वेळी नवा मॅप डिझेल आणखी सोडतो. हवा पुरली नाही की काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते. त्याच धातूच्या पिस्टनला खालून उडणारे ऑइल वाचवत असते. टर्बोचा शाफ्टही मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ते ऑइल जुने, जळके असेल तर काय होते, हे उघडलेले इंजिन आपल्याला दाखवतेच. त्यात क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुन्याच ताकदीच्या हिशेबाने बसवलेले असतात.

कंपनीने इंजिनात राखून ठेवलेला वाव ऊन, भेसळीचे डिझेल, जादा भार आणि लांबलेली सर्व्हिस यांच्यासाठी असतो. रिमॅप करताना आपण गिऱ्हाइकाची ही शिल्लक खर्च करतो आणि ते त्याला सांगतही नाही.

ईजीआर बंद करणे आणि डीपीएफ काढणे हा तर सरळ गुन्हा आहे. अमेरिकेत दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा निकामी केली गेल्याचे तिथल्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये नोंदवले. आपल्याकडे बीएस-6 त्याच वर्षी 1 एप्रिलपासून लागू झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182 अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड नाही. तेव्हा ‘पीयूसी पास होते’ हा बचाव पोकळ आहे. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केले. तो धूर सर्वांत आधी पिटमध्ये उभ्या असलेल्या आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी हरवलेली ताकद शोधा. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, इंटरकूलरचा फाटका होस, गळका इंजेक्टर, घसरणारी क्लच प्लेट, काजळीने भरलेला डीपीएफ हे सगळे तपासा. लादलेल्या मालाचे वजनही विचारा. आधीच कोणी मॅप बदललेला असेल तर कंपनीची मूळ फाईल परत घाला आणि जॉब कार्डावर तसे लिहा. एवढे करूनही मालकाला ताकद अपुरी वाटली, तर त्याला मोठी गाडी लागते, हे स्पष्ट सांगा. त्या दिवशी एक काम हातचे जाईल, पण भर हंगामात इंजिन उतरवण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही. मिस्त्रीवरचा विश्वास त्यातूनच बसतो.