हिरडा वैद्याचा आणि हिरडा ढोराचा

एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी टॅनिन शिकवताना हिरड्याचं उदाहरण दिलं. म्हणाले, "त्रिफळ्यातल्या हिरड्याचे गुण आपल्या ऋषिमुनींना कधीच ठाऊक होते." मी मान खाली घातली. हिरडा मला त्रिफळ्यातून नव्हे, आजोबांच्या कातडी कमावण्याच्या कामातून माहीत होता. आम्ही ढोर. हे त्या वर्गात मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

हिरडा हा सह्याद्रीच्या जंगलातला मोठा वृक्ष. जुन्नर, भीमाशंकर भागातले महादेव कोळी त्याची कोवळी फळं गोळा करून वाळवतात, तोच बाळहिरडा. खोकल्यावर तुकडा चघळायचा, दातांच्या हिरड्या सुजल्या की काढ्याने चुळा भरायच्या, पोट साफ व्हायला चूर्ण घ्यायचं, हे जुने घरगुती उपाय.

आमच्याकडे हिरडा आणि बाभळीची साल कुटून पाण्यात भिजवत. कातड्याची पिशवी शिवून त्यात ते भरत आणि टांगून ठेवत. कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने असंच कमावलं जातं. टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनला घट्ट धरतं, म्हणून कातडं कुजत नाही. चूळ भरल्यावर तोंड आवळल्यासारखं वाटतं, तेही टॅनिन प्रथिनांना धरतं म्हणूनच. फळ एक, रसायन एक. पण वैद्याच्या खलात ते शास्त्र ठरलं आणि आमच्या अंगणात विटाळ.

पाणी किती तुरट हवं, कधी बदलायचं, हे आजोबा चव घेऊन, कातडं बोटांनी चाचपून सांगायचे. ते ग्रंथात आलं नाही, कारण लेखणी त्यांच्या हाती येऊच दिली नाही.

जुन्या धंद्याकडे परत चला, असं मी म्हणत नाही. जातीने गळ्यात बांधलेली कामं सोडा, हे बाबासाहेबांचं सांगणं बरोबरच होतं. पण धंद्याबरोबर आपण ज्ञानही लाजेपोटी टाकून दिलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली. ज्ञानावरची मालकी मात्र आपल्यालाच सांगावी लागेल.

तुम्ही घरातले पहिले पदवीधर असाल, तर या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसा. कोणतं झाड, कोणता भाग, किती दिवस, कशासाठी, हे विचारा आणि त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा. आजोबा गेले तेव्हा माझ्या वहीत यातली एक ओळही नव्हती.