कानाची मजुरी

धुळ्यात जुनी मारुती 800, अल्टो किंवा सँट्रो घेऊन गॅरेजात जा आणि सांगा, "इंजिनातून आवाज येतोय, ऑइलही कमी होतंय." बऱ्याचदा पाच मिनिटांत निकाल लागतो: इंजिन काम. म्हणजे हेड उतरवा, चेंबर उघडा, पिस्टन-रिंगा बदला, ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवा. पगारदार माणूस घरी येऊन हिशोब मांडतो. 15 वर्षं झाली म्हणून पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर आहेच, त्यात हा खर्च. शेवटी गाडी मातीमोल भावात जाते.

यातली कितीतरी इंजिनं उघडायची गरजच नसते, असं माझं मत आहे. आणि याचा दोष मी मेकॅनिकपेक्षा गिऱ्हाइकाला जास्त देतो. आपण पार्टचे पैसे देतो, पाना फिरवण्याचे देतो, पण ऐकण्याचे कोणी देत नाही.

उर्दूत निदानाला 'तश्खीस' म्हणतात. 'शख्स' हा शब्द त्याच मुळातून आला. एकाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखणं, हा त्यातला अर्थ. मराठीत 'निदान'चा दुसरा अर्थ 'कमीत कमी' असाही होतो, त्यामुळे वर्गात 'निदान निदान तरी करा' असं फळ्यावर लिहिलं की मुलं हसतात. गॅरेजात मात्र हे वाक्य अगदी गंभीरपणे लागू पडतं, कारण 'इंजिन ठोकतंय' हे एका आजाराचं नाव नाही. ताप म्हटल्यासारखंच ते आहे.

कन्नडचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली आणि डब्यात गोट्या हलवल्यासारखा आवाज आला, खालचा गिअर टाकल्यावर तो गेला, तर ते पेट्रोल अवेळी पेटण्याचं लक्षण आहे. टायमिंग पुढे गेलेलं असेल, प्लग चुकीच्या जातीचा असेल, आत कार्बन साचला असेल किंवा इंजिन तापत असेल. इंजिनाच्या वरच्या भागातून हलकी, एकसारखी टिकटिक येत असेल तर बहुधा टॅपेटची फट वाढलेली असते. सकाळी थंड असताना खडखड आणि गरम झाल्यावर शांत, असं असेल तर पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. ती गाडी सांभाळून अजून बरीच चालते.

खालून, पोटातून आल्यासारखा जड ठोका मात्र वेगळा. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. जाणता उस्ताद लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून आवाजाची जागा शोधतो. मग एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर क्षणभर काढतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोका मंदावतो, दुखणं तिथलं. मारुती 800 ला सिलिंडर तीनच, म्हणजे काम मोजक्या मिनिटांचं (विजेचा झटका बसतो, घरी करून पाहू नका). असा ठोका असेल, किंवा चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं आणि गाडी ओढून न्यायची. 'गॅरेजपर्यंत तर जाईल' म्हणून काढलेले चार किलोमीटर इंजिनाचा जीव घेतात.

ऑइलचंही तसंच. आधी ते गळतंय की जळतंय, हे ठरवायला हवं. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर तो कुठे पडला ते पाहा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं ऑइल सील, फिल्टर, चेंबरचा नट, या नेहमीच्या जागा. डाग नसेल तर धूर पाहा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्हची सीलं कडक झालीत. ती हाफ इंजिन न उघडता बदलता येतात. वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा. तोही संशयच. कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा गेल्या. वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हकडे आहे.

एक वही गाडीत ठेवा. सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने पट्टी पाहायची, ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं आणि किलोमीटर लिहायचे. काही वाहन कंपन्या हजार किलोमीटरला जवळपास एक लिटर ऑइल जाणंसुद्धा मर्यादेत धरतात. 'गाडी ऑइल खाते' या वाक्याला त्या वहीशिवाय अर्थ नाही.

दोन्ही तक्रारी एकदम आल्या की आधी ऑइलकडे पाहावं, असं मी म्हणतो. जळालेल्या ऑइलचा कार्बन पिस्टनच्या माथ्यावर साचतो, तापून लाल होतो आणि पेट्रोल वेळेआधी पेटवतो. पातळी फार खाली गेली तर बेअरिंगला वंगण मिळत नाही आणि खालचा ठोका सुरू होतो. त्यात आपला खानदेशचा उन्हाळा, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं क्षारवालं पाणी. क्षार जमले की इंजिन तापतं, तापलं की ठोकतं. सध्या सगळं खापर इथेनॉलवर फोडायची पद्धत आहे. 2025 पर्यंत 20 टक्के मिसळलेलं पेट्रोल देशभर आलं हे खरं, पण इथेनॉल उलट नॉकिंग रोखतं. जुन्या गाडीत त्याचा त्रास व्हायचा तर रबरी नळ्यांना, पॅकिंगला होतो, किंवा कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ पडतं. तिथे तपासा.

आमच्या एका सहकाऱ्यांच्या मारुती 800 ला एका गॅरेजने इंजिन काम सांगितलं होतं. दुसरीकडे एका वयस्क उस्तादांनी तीनही वायरी काढून पाहिल्या, ठोका बदलला नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल गरम सायलेन्सरच्या नळीवर झिरपत होतं, म्हणून जळका वास. पॅकिंग बदललं, फिलर गेज लावून टॅपेट बसवले, काम संपलं. मजुरी सांगितली 150 रुपये. सहकाऱ्यांनी त्यातही 20 कमी करायला लावले, "केलं काय एवढं?" म्हणून.

हाच प्रश्न मला खटकतो. त्या उस्तादांनी हजारोंचं काम वाचवलं आणि स्वतःची कमाईही बुडवली. पहिल्या गॅरेजने इंजिन उघडलं असतं तर आपण निमूट पैसे मोजले असते, कारण टेबलावर जुन्या रिंगांचा ढीग दिसला असता. डॉक्टरने औषध न लिहिता नुसतं तपासलं तरी आपण फी देतो. मेकॅनिकच्या दारात मात्र तपासणी फुकट हवी असते. ज्याला तपासण्याचे पैसे मिळत नाहीत, त्याचं पोट उघडण्यावरच चालणार.

आमच्या समाजातली कितीतरी घरं या पान्या-पेचकसावर चालतात. शाळा सुटलेला पोरगा शागिर्द म्हणून लागतो, चार-सहा वर्षांत हात तयार होतो. कान तयार व्हायला जास्त वेळ लागतो, आणि त्या काळात उस्तादाने त्याला ऐकवत, समजावत बसायला हवं. फुकट कामात तेवढी फुरसत कोण काढील?

कोणी म्हणेल, तपासणीचे पैसे घेऊनही तो इंजिन उघडायला लावील. लावू शकतो. म्हणून गाडी लावतानाच बोलून घ्या: "उस्ताद, आज फक्त तपासा. तासाभराचे जे होतील ते देतो, काम इथे करो वा न करो." कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर मागा, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. कुठला आवाज, कुठल्या जागी, कशावरून, हे विचारा. आकडे देणारा आणि कारण सांगणारा माणूस भेटला तर ठरलेली रक्कम घासाघीस न करता त्याच्या हातात ठेवा, त्या दिवशी एकही नट उघडला नसला तरी.