एफ-१ दाबल्यावर

अलीकडे एका तालुक्याच्या गावी शाळेच्या संगणक कक्षात बसलो होतो. सगळ्या यंत्रांवर डेबियन. चित्रकलेच्या बाईंनी गिम्प उघडले, थर कसे जोडायचे ते आठवेना म्हणून एफ-१ दाबले. पडद्यावर सूचना आली: माहितीपुस्तिका या संगणकावर नाही, वेगळे पॅकेज टाका किंवा ऑनलाइन वाचा. कक्षात इंटरनेट नव्हते. बाईंनी खिडकी बंद केली आणि मुलांना म्हणाल्या, "हे आपण नंतर बघू."

यात कुणाची विसरभूल नाही. डेबियनच्या गिम्प पॅकेजमध्ये मदतीच्या पॅकेजचे नाव 'सजेस्ट्स'च्या ओळीत असते. ॲप्ट 'डिपेंड्स' आणि 'रिकमेंड्स' आपणहून आणतो, 'सजेस्ट्स' आणत नाही. ती पुस्तिका लिहिण्यात, भाषांतरित करण्यात स्वयंसेवकांची वर्षे गेली आहेत, आणि ती वाचकापर्यंत पोचणार की नाही हे पॅकेजच्या कंट्रोल फाइलमधल्या एका शब्दावर ठरते.

मदत वेगळी काढण्यामागे कारणे आहेत आणि ती खरी आहेत. मजकूर प्रोसेसरवर अवलंबून नसतो. 'ऑल' म्हणून एकदा बांधला की प्रत्येक आर्किटेक्चरसाठी त्याची प्रत ठेवावी लागत नाही, मिररवरची जागा वाचते. सर्व्हरला किंवा कंटेनरला पुस्तिका नकोच असते. डॉक फोल्डर पुसले तरी प्रोग्रॅम चालला पाहिजे, हा डेबियनच्या धोरणातला नियमही योग्यच आहे. पण प्रोग्रॅमला मदतीवाचून चालते म्हणून माणसालाही चालेल, असा अर्थ आपण डेस्कटॉपच्या बाबतीत काढत आलो आहोत, आणि तो मला मान्य नाही. ज्याला जागा वाचवायची आहे त्याला 'रिकमेंड्स' वगळण्याचा पर्याय ठाऊक असतो. त्या बाईंना पॅकेजचे नावही ठाऊक नसते.

ईमॅक्स या मजकूर-संपादकाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. त्याच्या पुस्तिकेत ग्नू जाहीरनामा 'न बदलता येणारा भाग' म्हणून जोडलेला आहे. ग्नूच्या मुक्त दस्तऐवज परवान्याखालचे असे भाग डेबियनच्या मुक्ततेच्या कसोटीत बसत नाहीत, असा कौल २००६ च्या मतदानात लागला, आणि पुस्तिका 'नॉन-फ्री' विभागात गेली. तत्त्व म्हणून मी त्या निर्णयाच्या बाजूचा आहे. पण परिणाम असा की नुसते ईमॅक्स टाकणाऱ्याला त्याची मुख्य पुस्तिका सापडत नाही, आणि ग्नूच्या संकेतस्थळावर जी दिसते ती सर्वांत नव्या आवृत्तीची. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते; तोवर वाचक आपल्या यंत्रावर नसलेल्या सोयी शोधत राहतो. पुस्तिका प्रोग्रॅमच्याच आवृत्तीची हवी, आणि ती जोडी जुळवणे पॅकेज बांधणाऱ्यालाच शक्य असते.

आता आपल्या भाषेचे. डेबियनमध्ये लिब्रेऑफिसचे मराठी भाषापॅकेज आहे, मराठी मदतीचे पॅकेज नाही. मेन्यू मराठीत, आणि अडले की इंग्रजी. अख्खी मदत भाषांतरित करणे मोठे काम आहे हे कबूल. तरी ग्नोम डेस्कटॉपच्या मदतीची रचना वाट दाखवते: मॅलार्ड या मांडणीभाषेत लिहिलेली पाने छोटी, एकेका प्रश्नापुरती असतात. छपाई, फॉन्ट, देवनागरी कळफलक, पेन ड्राइव्ह, एवढ्यांवरची पाने आधी घेतली तरी शाळेतले अर्धे प्रश्न मिटतील. ही पाने आपल्या वाचकांनी लिहावीत. मजकूर तपासायला आम्ही बसतो.

पॅकेज बांधणाऱ्या मित्रांना एकच विनंती. पुढची आवृत्ती चढवण्याआधी कोऱ्या यंत्रावर ती टाका, नेटवर्कची वायर काढा आणि एफ-१ दाबा. पान उघडले नाही तर बग नोंदवा, आणि त्याचा दर्जा 'विशलिस्ट' लावू नका, 'नॉर्मल' लावा.